भिंतीवरचा हार

मढच्या त्या बंगल्याला वीस वर्षांत इतके रंग फासलेत, की भिंती फुगून दिवाणखाना हातभर लहान झालाय. आधी तो जमीनदाराची हवेली होता, मग स्मगलरचा अड्डा, आता मालिकेतल्या सासूचं घर. जिन्यावरून तर शंभरेक सुना गडगडल्या असतील. मी शूटिंगचा लाइटवाला, सगळ्या माझ्याच उजेडात पडल्या.

बंगला राखणारे काका कोणाला खिळा ठोकू देत नाहीत. "घर आहे रे, चाळण नाही!" म्हणून अख्खं मढ उठेल असे ओरडतात.

एकदा सेटवाले नायिकेच्या मेलेल्या आईचा फोटो आणायला विसरले. काकांनी हौसेनं आपल्या बायकोचाच दिला, खिळाही स्वतः मारला. काकी चांगली धडधाकट. "अहो, जिवंतपणीच हार घालताय?" म्हणत पदर तोंडाला लावून हसली. शूटिंग संपलं आणि सामानाच्या टेम्पोतून फोटोही गेला. "दुसरा काढू," काका म्हणाले. तो काढायच्या आतच काकी गेली.

आता त्यांच्याकडे तिचा एकही फोटो नाही. दुपारी टीव्हीवर त्याच मालिकेचे जुने भाग लावतात. नायिका धो धो रडते आणि काका तिच्या मागची भिंत बघतात.

परवा पॅकअप होताच ते स्टुलावर चढले आणि सेटवाल्यांनी नव्या मालिकेसाठी टांगलेल्या फोटोतल्या अनोळखी बाईचा हार काढू लागले.

"काका, उद्या पुन्हा लागणार तो."

"उद्या घालीन ना परत. कोणाची तरी बायको असेल रे. आत्ता घरी पानं वाढत असेल."