पार्किंगमधला वडापाव

संध्याकाळी खिडकीचा पडदा सारायला गेले, तर खाली पार्किंगमध्ये आमचे हे स्कूटरला टेकून वडापाव खाताना दिसले. भिंतीकडे तोंड करून, भराभर, कुणी पाहील या धास्तीनं.

वजन कमी करायच्या ऑपरेशनआधी थोडं वजन मलाच उतरवायचं आहे. "तेवढं उतरलं की लगेच करू," असं डॉक्टर म्हणतात आणि मी मान हलवते. तेवढं माझ्याच्यानं उतरलं असतं, तर पोट कापून घ्यायला कशाला गेले असते? रोज सकाळी निश्चय करते आणि दुपारी डब्यातल्या शेंगदाण्यांपुढे तो टिकत नाही. म्हणून यांनी घरातलं तळण बंद केलं, मग फोडणीही बंद केली. आता तर स्वतःचं खाणंही बाहेर नेलं. माझ्या भुकेनं या माणसाला त्याच्याच घराबाहेर काढलं होतं.

खरं तर डोळे भरून यायला हवे होते. पण मी बघत होते ते त्यांच्या हातातल्या वड्याकडे. शेवटचा घास त्यांच्या तोंडात गेला तेव्हा मला वाईट वाटलं, ते वडा संपला म्हणून.

ते वर आले, हात धुऊन माझ्यासमोर बसले. "मलाही सूपच दे गं. फारशी भूक नाही आज."

त्यांच्या श्वासाला लसणाच्या चटणीचा वास येत होता. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. त्यांना वाटलं, मायेनंच. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी डोळे मिटून तो वास घेत राहिले.