हात सुटले त्याची गोष्ट

बमरोलीच्या जिममध्ये पोरी वजनाचा दांडा उचलून ताठ उभ्या राहिल्या की मी मागून जाऊन कानाशी ओरडते, "छोड!" जिचे हात सुटतात तिला पुन्हा उचलायला लावते, रडली तरी. पोरी मला माघारी कसाईण म्हणतात. म्हणू देत. एक नवी आली, ती विचारते, "दीदी, तुम्हाला वजन उचलायची प्रेरणा कोणी दिली?" प्रेरणा! डोंबलाची प्रेरणा. बापावरच्या रागानं उचलत आले मी.

बाप उधन्याला लूमच्या कारखान्यात बीम चढवायचा. बीम म्हणजे सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ, चार माणसांचं ओझं. त्यांचा कायदा एकच. पुढचा माणूस "छोड!" म्हणाला की सगळ्यांनी एकदम सोडायचं, नाहीतर कोणाची तरी बोटं गेलीच. हा कायदा त्यानं घरातही आणला. एकदा कपाट सरकवताना मला सोडायला उशीर झाला, त्याची करंगळी चेमटली. त्यानं मला असं बदडलं की कुशीवर वळता येईना. त्यानंतर त्याचा शब्द आला की हात आपोआप सुटायचे.

भाऊ पाण्याचा हंडा उचलताना कण्हायचा, तरी तूप त्याच्याच ताटात. मी गॅसची भरलेली टाकी जिन्यानं वर आणली की बाप म्हणायचा, "आंडेरले इतली ताकद कसाले जोयजे?" पोरीला एवढी ताकद हवी कशाला! बस्स, त्याच हट्टानं मी पॉवरलिफ्टिंगला गेले.

कॉलेज संपत आलं तसा त्यानं लग्नाचा धोशा लावला. मी म्हटलं, "बाबा, स्पर्धेत पहिली आले तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही."

"आणि हरलीस तर?"

"तुम्ही दाखवाल त्याच्या गळ्यात माळ घालीन."

आई म्हणाली, "काय बोलून बसलीस गं बाई!"

स्पर्धा कतारगामला होती. बाप पहिल्यांदाच बघायला आला, पुढच्या रांगेत बसला. शेवटची उचल राहिली होती. एकशे वीस किलो जमिनीवरून उचलायचं, ताठ व्हायचं आणि पंच "डाउन" म्हणेपर्यंत धरून ठेवायचं. एवढं केलं की पहिली. दांडा वर आला. गुडघे ताठ, खांदे मागे. पंचाचा हात अजून वरच होता.

"छोड!"

माझे हात उघडले. दांडा धाडकन आदळला आणि तिन्ही पंचांचे लाल दिवे लागले, उचल बाद. कोच कपाळ बडवत म्हणाला, "अरे बेन, आ शुं कर्युं!" काय करून बसलीस हे!

बाहेर बापानं गाडीवर डाळीचा वाफवलेला गरम लोचो खायला घेतला. मी विचारलं, "मुद्दाम ओरडलात ना?"

"सवय गं," तो म्हणाला, आणि लोचोवर अजून तेल मागितलं. मला त्या घटकेला त्याचा गळा दाबावासा वाटला.

पुढच्या रविवारी धुळ्याकडचे पाहुणे आले. मुलाच्या बापानं माझे दंड बघितले आणि विचारलं, "पोरगी पहिलवान दिसते. ऐकण्यातली आहे ना?"

बापानं मांडीवर थाप मारली. "अहो, एकशे वीस किलो उचलून उभी होती, बक्षीस हातात आलेलं. मी एक शब्द बोललो, सोडलं तिनं."

सगळे हसले. मुलाकडच्यांनी तिथंच होकार दिला.