साइट बंद पडली आणि अभिनंदन सुरू झालं

मंडळी, आज सकाळी काय झालं ते लिहितेय.

नोएडात माझा हातमागाच्या चादरी-सतरंज्यांचा छोटासा व्यवसाय आहे. या शनिवारी पहिल्यांदाच विणकामाची कार्यशाळा ठेवलीय. पानिपतचे विणकर माग घेऊन येणार आहेत. नोंदणीसाठी वेबसाइट केली आणि ती चालवायचं होस्टिंग सगळ्यात स्वस्त घेतलं. म्हटलं, येऊन येऊन किती जण येणार?

आज सकाळी मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली. आपली सवय माहितीये ना! दिल्ली, गुडगाव, फरीदाबाद, सगळीकडे फॉरवर्ड. मी चहा गाळेपर्यंत साइट बंद.

होस्टिंगवाल्यांना फोन लावला, तर नुसतं संगीत. चॅटवर एकच उत्तर, "पेज रिफ्रेश कीजिए."

तेवढ्यात शेजारच्या काकूंनी ग्रुपवर लिहिलं, "अगं, लिंक उघडत नाही, हाउसफुल्ल झालं वाटतं! अभिनंदन!" मग काय, टाळ्याच टाळ्या. परत कुणी लिंक उघडलीच नाही.

आता साइट कशीबशी सुरू झालीय. नोंदणी एकही नाही.

यार, खरंच सांगा, तुमच्या होस्टिंगवाल्यांकडे ऐनवेळी फोन माणूस उचलतो का?

आणि अभिनंदन करणाऱ्यांनो, सगळ्या जागा रिकाम्या आहेत. प्लीज या.