जिदहफ्सच्या गच्चीवरचं ऊन

बहारीनच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. तो पुसत मी मेहुण्यांना, सुरेशरावांना, म्हटलं, "ऊन फर्स्टक्लास आहे. आपल्या कामाचं." त्यांनी माझी बॅग उचलली आणि गाडीकडे चालू लागले. हिद्दच्या बंदरावर क्रेन चालवणाऱ्या माणसाला उन्हाचं काय कौतुक असणार?

जिदहफ्समध्ये एका इमारतीच्या गच्चीवर त्यांच्या दोन खोल्या आहेत. माझी धाकटी बहीण नंदा या उन्हाळ्यातच तिथे आली. लेक मनू मात्र अजून चिपळूणला आमच्याकडे. नंदाने फोनवर सांगून टाकलं होतं, "दादा, छत असं तापतं की एसी हात टेकतो. या खोल्या राहण्यासारख्या झाल्या तर मनूला आणीन, नाहीतर मीच परत येते." मी चिपळुणात घरांवर सोलर बसवतो. बहिणीचा संसार उन्हापायी दोन देशांत राहणार, हे मला पटेना. आलो.

आल्या आल्या अंघोळीला गेलो, थंड पाण्याचा नळ सोडला आणि बोंब मारली. बाहेरून नंदा हसत म्हणाली, "अरे, तो गच्चीवरच्या टाकीचा. लाल नळ सोड." उन्हाळ्यात इथे गीझर बंद ठेवतात आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरतात. अजब तऱ्हा!

दुसऱ्या दिवशी बहारीनी घरमालक वर आले. पॅनेलांची परवानगी आधीच दिलेली, पण हिंदीत बजावलं, "छत में छेद मफी." मफी म्हणजे नाही. जाताना घरचा मछबूस (सुकी लिंबं घातलेला मटण-भात) ठेवून गेले. मी दोनदा वाढून घेतला.

छेद नाही तर नाही. सिमेंटचे ठोकळे ठेवून त्यांवर पॅनेलं हातभर उंच बसवली. छतावर सावली पडली, खालून वारा खेळू लागला, पाण्याची टाकीही सावलीत आली. जुन्या एसीच्या मदतीला थेट पॅनेलांवर चालणारा दुसरा एसी लावला. भर दुपारी गारवा लागतो आणि वीजही तेव्हाच मिळते. सुरेशराव म्हणाले, "खलास (झालं काम)." मीही मिशीला पीळ दिला.

मग धुळीचा वारा सुटला. दोन दिवसांत नवा एसी धापा टाकू लागला. नंदा पदराने वारा घेत म्हणाली, "राहू दे दादा. तुझ्याबरोबर माझंही तिकीट काढ."

वर जाऊन पॅनेलवर बोट फिरवलं. धूळ दमट हवेने लिंपल्यासारखी बसली होती. कोकणात पॅनेलं पाऊस धुतो. मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात फडकं दिलेलं नाही. तापलेल्या काचेवर पाणी टाकलं तर तडकायची भीती, म्हणून संध्याकाळपर्यंत कळ काढली. मग आम्ही तिघांनी बादल्या घेऊन काच न् काच पुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून नंदा जरा आडवी झाली. चहाची वेळ टळली तरी उठली नाही. सुरेशराव हळूच म्हणाले, "इथे आल्यापासून दुपारी पहिल्यांदा झोपली." पॅनेल पुसायचं काम त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतलं.

परतताना विमानातून खाली ते पिवळट बेट दिसलं. उन्हाला शिव्या घालून ते काही कमी होत नाही; त्याला कामाला जुंपावं, हे माझं मत आणखी पक्कं झालं.

चिपळूणला पोचून चप्पल काढतोय तोच नंदाचा फोन. "दादा, मनूची बॅग भरायला घे. आणि तिची गोधडी विसरू नको. दुपारी झोपताना लागेल."