पॅकेटचं आयुष्य

तहसील कचेरीच्या भिंतीवर राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. त्याखाली रेशन बंद झालेल्या शांतामावशी उभ्या होत्या. पहिली खिडकी त्यांना दुसरीकडे पाठवत होती, दुसरी पुन्हा पहिलीकडे.

इंटरनेटवरची माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते, आणि प्रत्येकावर आयुष्याचा एक आकडा असतो. राउटर हाती आलेल्या प्रत्येक पॅकेटचं हे आयुष्य एकाने घटवतो. ते शून्यावर आलं की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला सहसा तसं कळवतोही. वाट चुकलेलं पॅकेट दोन राउटरांमध्ये कायमचं फिरत राहू नये, म्हणून. एवढी माणुसकी आपण यंत्राला शिकवली. कचेरीला शिकवायची राहूनच गेली!

मी राउटर तपासायला आलो होतो; चिडून हे मावशींना सांगितलं.

"माझंबी आयुष्य दर खिडकीला घटतंय की, बाळा," त्या म्हणाल्या. "संपलं की हे कुणाला कळवतील?"

आणि त्या पुन्हा पहिल्या खिडकीकडे वळल्या.