फ्लेव्हियाने काढलेला बेल्ट

उत्तनच्या फ्लेव्हियाशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. वीस वर्षं तिने भाईंदरच्या बाजारात मासळीचा टेम्पो नेला, तोही पॉवर स्टिअरिंग नसलेला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी जुनी हॅचबॅक घेतली, तेव्हा तिने भावाला फर्मानच सोडलं, "यातलं पॉवर काढून टाक. हाताला रस्ता कळला पायजे."

भावाचं, गेविनचं, काशीगावात गॅरेज. तो म्हणाला, जरा विचार कर. बाईसाहेबांनी केलेला विचार असा, की तो जेवायला गेल्यावर स्टिअरिंग हलकं करणाऱ्या पंपाचा बेल्ट स्वतःच काढून टाकला. झालं मॅन्युअल!

कसलं मॅन्युअल! सरावाची पहिली फेरी ऐटीत झाली. दुसऱ्या फेरीत स्टिअरिंग हलता हलेना. तिसऱ्या फेरीत वळणावर उजव्या खांद्यातून अशी कळ आली की हात सुटला आणि गाडी टायरांच्या रांगेत घुसली. बंपर फुटला. रविवारची शर्यत चार दिवसांवर आलेली.

गेविन ओरडला नाही, हेच तिला जास्त लागलं.

"बेल्ट काढला म्हणून मॅन्युअल होत न्हाय, बाय. पंप बंद, पण तेल आतच हाय. दर वळणाला ते तेलपण तुझ्या हातानं ढकलायचं. खरं मॅन्युअल बसवतो पायजे तर. पण ते जास्त फिरवावं लागतं. जमेल?"

जमेल, हे तिच्या ओठांवर आलंच होतं. कुणीही काही विचारलं की तेच यायचं. पण गेलं वर्षभर तिला उजव्या हाताने केस विंचरता येत नव्हते, आणि घरात तिने एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर चाव्याच काढून घेतल्या असत्या सगळ्यांनी.

"खांदा गेलाय माझा," ती म्हणाली. "वर्ष झालं."

गेविनने हातातला पाना खाली ठेवला.

"बघतोस काय? बेल्ट लाव परत. रस्ता थोडा कमी कळला तरी चालेल. मला एक रविवार न्हाय, साठीपर्यंत गाडी पळवायचीय."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. ते थांबायची वाट न बघता तिनेच पाना उचलला.

रविवारी ती नऊ जणींत सहावी आली, आणि हेल्मेट काढायच्या आधी पुढच्या शर्यतीत नाव लिहून आली.