बंद सेन्सर आणि चंदगडचा रस्ता

मी पंचवीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. अंगात येणं, करणी, भास... असलं कुणी बोलायला लागलं की मी उठून जाणाऱ्यातली. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते असं.

आम्ही कळंब्याला राहतो. म्हणजे आता मी एकटीच. ह्यांचं शाहूपुरीत भांड्यांचं दुकान होतं. साठीत आल्यावर ह्यांनी हौसेनं एका परदेशी कंपनीची मोठी डिझेल एसयूव्ही घेतली – सेकंडहँड, काळी. अशा गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरत आला की गाडी स्वतःच तापवून आतली काजळी जाळते, पण त्यासाठी ती मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. कळंबा ते शाहूपुरी एवढ्यानं काय होणार? म्हणून दर रविवारी सकाळी हे चंदगडच्या रस्त्याला जायचे. निघताना विचारायचे, "येतीस काय?" मी कधी पेपर तपासत असायचे, कधी पापड घातलेले असायचे. "पुढच्या रविवारी," म्हणायचे.

दीड वर्षापूर्वी हे गेले. दुकानातच, बसल्या जागी.

नंतर गाडी मी चालवायला लागले – भाजी, बँक, दवाखाना. एक दिवस काट्यांजवळ पिवळा दिवा लागला आणि गाडी पन्नासच्या वर जाईना. दत्ताभाऊंनी, म्हणजे आमच्या नेहमीच्या मेकॅनिकनी, स्कॅनर लावला.

"वहिनी, फिल्टर पार चोंदलाय. आन् पाइपातला गरमी मोजायचा सेन्सर मेलाय. गाडीला गरमीच कळंना, मग ती काजळी जाळायचं काम सुरूच करत न्हाय. पुण्यासनं पार्ट येईस्तोवर चालवू नगासा."

मुलीचं म्हणणं, "आई, दुरुस्त करून विकून टाक." जयसिंगपूरचं एक गिऱ्हाईकही ठरलं होतं.

त्या रविवारी सकाळी मी दत्ताभाऊंचं ऐकलं नाही. गाडी जायच्या आधी एकदा तो रस्ता बघायचा होता... एवढंच. पन्नासनं, कडेकडेनं, मागच्यांचे हॉर्न खात गडहिंग्लज गाठलं. नेसरी सोडलं, दोन्ही बाजूंनी काजूच्या बागा लागल्या, आणि अचानक इंजिनचा आवाज बदलला. जड, भरदार. पिवळा दिवा विझला. काटा साठ, सत्तर, ऐंशी... मी पाय नुसता टेकवलेला होता. आणि खालून तो वास आला – तापलेल्या लोखंडाचा, करपल्यासारखा. रविवारी दुपारी ह्यांच्या शर्टाला यायचा तोच. मी नाक मुरडून शर्ट बादलीत टाकायचे.

मी घाबरले नाही. ह्याचंच मला आजही नवल वाटतं. डाव्या बाजूची सीट रिकामी होती, मला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. तरी मी बोलायला लागले. दीड वर्षाचं साठलेलं सगळं. काय बोलले ते इथे लिहीत नाही. वीसेक मिनिटांनी आवाज हळूच उतरला, वास गेला. मी थांबले ती एका चहाच्या टपरीपाशी.

टपरीवाल्या मावशी गाडी बघून लगबगीनं बाहेर आल्या. "सायेब दिसलं न्हाईत लई दिवस? तुमी बाईसायेब व्हय त्यांच्या? दर बारीला म्हणायचं, पुढच्या ऐतवारी घिऊन येतो, तिला हितला चहा आवडंल."

मला सांगावं लागलं त्यांना. त्या माझ्याशेजारी बाकड्यावर टेकल्या, माझा चहा संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊंनी पुन्हा स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. फिल्टर जवळजवळ रिकामा. काल सकाळी काजळी जळल्याची नोंद, बावीस मिनिटांची.

"वायर हलून मधेच जुळली असेल," मी म्हटलं. विज्ञान शिकवलंय ना.

त्यांनी गाडीखाली जाऊन सेन्सर काढून माझ्या हातावर ठेवला. टोकच तुटून गेलेलं. "वायरचं असतं तर मानलं असतं, वहिनी. ह्यो मेलेलाच हाय की. हे हुयाला नको हुतं."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही विचारलं. "सॉफ्टवेअरची चूक असेल, मॅडम," म्हणाले. असेल. पण वास सॉफ्टवेअरमधून कसा येईल?

गाडी मी विकली नाही. नवा सेन्सर बसवला. आता ती कधी रिंग रोडला, कधी हायवेला आपली आपण फिल्टर साफ करते. मी पुष्कळदा चंदगडला जाऊन आले. गाडी उत्तम पळते. बाकी काही होत नाही.

कधी कधी वाटतं, तो सेन्सर बदलायला नको होता.